संत्र्याच्या खोक्याचा कीबोर्ड

मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत कंप्युटर शिकवतो. शिकवतो म्हंजे काय करून राहिलो, हे कोणी इचारलं तं तोंड लपवावं लागते. कंप्युटरच्या खोलीले कुलूप, किल्ली प्राचार्यांच्या खिशात. "बिघडले तं जिम्मेदारी कोणाची? तुमची?" हे त्यांचं एकच उत्तर. दसऱ्याले तेवढं कुलूप उघडते. हळद-कुंकू, अक्षता, फुलं, सारं कीबोर्डवर. नारळ फुटतो, फोटो निघतो अन् मेणकापड परत चढते. वा रे शिक्षण!

मग मी संत्रा भरायच्या खोक्यांचे पुट्ठे मागून आणले अन् दहावीच्या पोरांकडून त्यावर कीबोर्ड काढून घेतले. साऱ्यांनी थोडे दिवस टकटक केली अन् सोडून दिली. एकीनं नाही सोडली. सावरगावची पोरगी, जाम नदीचा पूल ओलांडून पायीच यायची. तिचा बाप बाजारात भेटला तं म्हणाला, "सर, प्रॅक्टिकलात चांगली निघाली तं अकरावीले नागपूरले ठेवतो, तिच्या आत्याकडे. कंप्युटर विषय घेऊ दे. नाही तं इथंच बरी." तेव्हापासून पुट्ठा तिच्या हातचा सुटला नाही. मधल्या सुट्टीत एका हातानं डबा, दुसऱ्या हाताची बोटं चालूच. मी म्हणायचो, "जेव तं खरी, बेटा!" "झालंच सर," म्हणायची अन् हसायची.

प्रॅक्टिकलच्या आधी एक दिवस तरी खोली उघडा म्हणून प्राचार्यांच्या हातापाया पडलो. नाही म्हंजे नाही.

उघडली ती थेट परीक्षेच्या सकाळी. बाहेरगावचे परीक्षक आत, मी दारात, बोलायची मनाई. एक पान टाइप करायचं होतं. पोरगी बसली अन् अशी सुटली की बाकीचे पाहतच राहिले. बोटं बरोब्बर पडत होती, देवाशप्पथ सांगतो. पण स्क्रीनवर अर्धी अक्षरं उमटतच नव्हती. पुट्ठ्याले दाबावं लागत नाही, बोट टेकवलं की झालं. ती तशीच टेकवत चालली होती. त्यात कुंकवानं चिकटलेली बटनं. अन् ती वर पाहतच नव्हती. कशी पाहणार? पुट्ठ्याले स्क्रीन कुठं असते!

वर पाह, माझे माय, एकदा तरी वर पाह! मनातल्या मनात ओरडत मी दाराची चौकट धरून उभा होतो.

शेवटची ओळ संपवून तिनं हसतच मान वर केली. मग स्क्रीन पाहिली. "टाइम हो गया, बेटी," परीक्षक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. जे दिसलं त्याचे मार्क त्यानं दिले.

त्या दिवशी मले त्या खोलीले आग लावावीशी वाटली. काय केलं? घरी येऊन जेवलो, दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली.

शाळा सुरू झाली तशी ती आमच्याकडंच अकरावीले आली, आर्ट्सले. नागपूरचं नाव घरात कोणी काढलं नाही म्हणे. पहिल्याच दिवशी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. दप्तरातून पुट्ठा काढला. कोपऱ्यांना नवी चिकटपट्टी, अक्षरं पेनानं नव्यानं गिरवलेली.

"सर, दहावीतल्या कोण्या पोरीले देऊन द्या," म्हणाली. "अन् तिले सांगजा, मधूनमधून वर पाहत जा म्हणून."