अनवाणी पायाचा मिलहम

बैरुतच्या फुर्न अश्-शुब्बाक नाक्यावरून झहलेला जाणाऱ्या टॅक्सीवाल्यांत मिलहम खौरीला सगळे ‘अनवाणी’ म्हणत. गाडीत बसला की तो उजव्या पायातला बूट काढी, मोजा काढी, दोन्ही नीट सीटखाली सारी आणि मग किल्ली फिरवी. डाव्या पायातला बूट मात्र तसाच. अडुसष्ट वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस आणि एक पाय उघडा! नवीन प्रवासी हमखास खाली वाकून बघत.

“पेडलवर किती जोर पडतो ते बुटाला कळत नाही,” तो सांगे. “तळपायाला कळतं.”

हे सांगताना त्याच्या आवाजात जो तोरा असे, तो काहींना सोसत नसे. नाजीला तर मुळीच नाही. नाजी त्याच नाक्यावरचा, वीस वर्षांनी धाकटा. सिग्नल सुटायच्या आत याची गाडी सुटलेली. पुढच्या गाडीच्या ढुंगणाला नाक लावून जायचं, मग करकचून ब्रेक, मग पुन्हा दाबलं पेडल. झहलेला तो मिलहमच्या आधी वीस मिनिटं पोचायचा आणि चहाचा ग्लास हातात धरून वाट बघायचा.

“आले का अनवाणी? चालत आले असते तर लवकर आले असते!”

मिलहम हसायचा. त्याच्या पंधरा वर्षं जुन्या सोबतिणीला, करड्या मर्सिडीजला, नाजीच्या गाडीपेक्षा तिसरा हिस्सा पेट्रोल कमी लागायचं. पण पेट्रोल मुबलक होतं तोवर या गोष्टीचं कौतुक कुणाला असणार?

मग तो उन्हाळा आला. पेट्रोलपंपांपुढच्या रांगा दोन-दोन मैल लांब झाल्या. लोक गाडीतच झोपू लागले, रांगेतच दाढी करू लागले, रांगेत दोन लग्नंसुद्धा जुळली म्हणे. नाजी दोन दिवस असा उभा राहिला आणि त्याच्यापुढे आठ गाड्या उरल्या असताना पंपवाल्याने दोर बांधून पंप बंद केला. गाडी ढकलत घरी आणावी लागली.

त्याच संध्याकाळी तो मिलहमच्या दारात आला. आत येईना, उंबऱ्यावरच घुटमळत राहिला.

“माझ्या हनादीची उद्या मुलाखत आहे,” तो म्हणाला. “झहलेच्या हॉस्पिटलात, नर्सची जागा. नऊ वाजता. एकच जागा आहे, मिलहम. दोन वर्षं पोरगी घरी बसून आहे. मी सगळ्यांना विचारून आलो. कुणाकडे थेंब नाही.”

“मला सगळ्यांच्या शेवटी विचारतोयस होय?”

नाजीने मान खाली घातली.

“माझ्याकडे पाच लिटर असेल,” मिलहम म्हणाला.

“पाच? पाच लिटरात झहले? मला सहा-सात लागतात! मधे एवढा डोंगर आहे!”

“तुला लागतात,” मिलहम शांतपणे म्हणाला. “सकाळी साडेसहाला या. आणि सामान आणू नका.”

सामान आणू नका म्हटल्यावर हनादीच्या आईने, सुआदने, जेवढं आणता येईल तेवढं आणलं. हॉस्पिटलातल्या बड्या लोकांसाठी जैतुनाच्या तेलाचा डबा, मकदूसच्या, तेलात मुरवलेल्या भरल्या वांग्यांच्या, चार बरण्या, एक टरबूज. मिलहमने एकेक उचलून पुन्हा तिच्या हातात ठेवलं.

“अहो, रिकाम्या हाताने पोरीला पाठवायची का?”

“सुआदबाई, टरबूज पाठवायचं की पोरगी, ते ठरवा.”

त्याने स्वतःच्या गाडीतूनही सगळं उतरवून ठेवलं होतं. छपरावरचा कठडा, पाण्याचा कॅन, हत्यारांची पेटी. पायपंपाने चारही चाकांत हवा भरून झाली होती, कारण मऊ चाक इंजिनाच्या जिवावर चालतं. हनादी मागे बसली, मांडीवर कागदांची फाइल. नाजी पुढे बसला. मिलहमने बूट काढला, मोजा काढला. या खेपेस नाजीने नजर खिडकीबाहेर वळवली.

हाझमियेच्या चढापासूनच नाजीचा जीव वरखाली होऊ लागला. मिलहम लांबवर बघायचा. दोनशे पावलांवर ट्रक रेंगाळतोय असं दिसलं की आत्ताच पाय उचलायचा, म्हणजे जवळ जाईपर्यंत ट्रक पुढे सरकलेला असे आणि ब्रेकला पाय लावावा लागत नसे. चढ आला तरी पेडल तेवढंच, एक केसही जास्त नाही. गाडी थोडी मंदावे, पण कुठे अडखळत नसे, कुठे उसळत नसे.

“अरे दाब की जरा!” नाजीला राहवेना. “पोरीची मुलाखत आज आहे, पुढच्या रविवारी नाही.”

“बाबा, गप्प बसा ना,” मागून हनादी म्हणाली. “अम्मो मिलहम, काका, किती उरलंय?”

“पुरेल एवढं.”

काटा केव्हाच तळाला टेकला होता आणि लाल दिवा निघाल्यापासून लागलेला होता. मिलहमने त्यावर रुमालाची घडी ठेवली. दिव्याकडे बघून इंजिन चालत नाही, असं त्याचं म्हणणं.

सौफरच्या पुढे लष्कराची चौकी लागली. पंधरा-वीस गाड्यांची रांग. सगळे थांबत, चार हात सरकत, पुन्हा थांबत. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं म्हणजे पेट्रोल ओतून देणं. मिलहमने लांबूनच वेग इतका कमी केला की मागच्यांनी भोंग्यांचा गोंधळ मांडला. एकाने खिडकीतून त्याच्या आजोबांचासुद्धा उद्धार केला. मिलहम मुंगीच्या पावलांनी येत राहिला आणि चौकीशी पोचला तेव्हा पुढे दोनच गाड्या होत्या. थांबला तो एकदाच.

बैदरच्या खिंडीत पोचले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. समोर बिकाचं खोरं पसरलं होतं, आणि आता उतारच उतार. नाजीने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच किल्लीकडे हात नेला.

“चल, बंद कर इंजिन. सोड गाडी मोकळी. आता फुकटचा प्रवास.”

तसं करण्याची या रस्त्यावर रीतच होती. टंचाई आली की खिंडीत इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सोडायची आणि खाली श्तौरा गावापर्यंत घरंगळत जायचं. युद्धाच्या वर्षांत बापांनी केलं, आता पोरं करत होती. मिलहमने नाजीच्या हातावर फाडकन चापट मारली.

“हात मांडीवर ठेव!”

“अरे वेडा झालास का? इंजिन चालू ठेवलंस तर वाटेतच संपेल! माझ्या पोरीचं नशीब आहे या टाकीत!”

“म्हणूनच चालू ठेवतोय.” त्याने गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि उघडा पाय पेडलवरून उचलून बाजूला ठेवला. इंजिन घुमू लागलं. “ऐक. मीसुद्धा पंधरा वर्षं असाच घरंगळत यायचो. माझी पहिली गाडी जुन्या धर्तीची होती, तिच्यात पेट्रोल वाचायचंही. मग ही घेतली. बुर्ज हम्मूदचा वारूज मेस्त्री, तो अर्मेनियन, मला म्हणाला, गाढवा, या इंजिनाची जात वेगळी. गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय वर असेल, तर हिच्यात थेंब जात नाही. चाकंच इंजिनाला फिरवतात.”

“थेंब नाही?”

“एकही नाही. मोकळी सोडलीस तर मात्र इंजिन जागं राहायला पेट्रोल मागतं. आणि बंद केलंस, तर ब्रेकचा जोर जातो.”

नाजीचा विश्वास बसला नाही. इंजिनाच्या घुमण्याचा प्रत्येक आवाज त्याला पेट्रोल जळण्याचा वाटत होता. तेवढ्यात एक पांढरी पिकअप गुपचूप, इंजिनाच्या आवाजाविना, त्यांच्या बाजूने सुसाट खाली गेली. आतला माणूस मिलहमकडे बघून हसला.

“बघ! अक्कल असलेली माणसं कशी जातात बघ!” नाजी म्हणाला.

चार वळणांनंतर ती पिकअप दिसली. कडेच्या खडीत रुतून, तिरकी, दरीपासून हातभर अंतरावर. चाकांतून धूर निघत होता. दोन माणसं खाली उतरून दगडावर बसली होती, चेहरे पांढरेफटक. मिलहमने विचारपूस करायला गाडी थांबवली. पेट्रोलची पर्वा न करता थांबवली. कुणाला लागलं नव्हतं. त्यांना पाण्याची बाटली देऊन तो पुन्हा निघाला.

नाजी मान वळवून त्या दरीकडे बघत राहिला. ती दरी त्याच्या ओळखीची होती. गेल्याच आठवड्यात तो तिथून तसाच, इंजिन बंद करून उतरला होता, आणि मागे ही हनादीच बसली होती.

श्तौरा गेलं. सपाट रस्ता आला, तसं पुन्हा पेट्रोल लागू लागलं, आणि मिलहमचे ओठ घट्ट मिटले. झहलेच्या वेशीपाशी इंजिनाने एक उचकी दिली. हनादीने फाइल छातीशी धरली. मिलहमने पाय आणखी हलका केला, इतका की पेडलला तो नुसता टेकून होता. गाडी चालत राहिली. आठ वाजून पन्नास मिनिटांनी ती हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी राहिली आणि मिलहमने स्वतःच्या हाताने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“आपणहून बंद पडली नाही,” तो म्हणाला. “मी बंद केली. लक्षात ठेव.”

त्या क्षणी त्याच्यासारखा ताठ माणूस सगळ्या लेबनॉनमध्ये नव्हता, आणि त्याचा तो हक्कच होता.

अकरा वाजता हनादी बाहेर आली ती धावतच. पहिल्या तारखेपासून कामावर. तिने आधी बापाला मिठी मारली आणि मग अम्मो मिलहमच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. परतीचं पेट्रोल झहलेच्या एका टॅक्सीवाल्याने आपल्या डब्यातून दिलं, कारण मिलहम पाच लिटरात डोंगर ओलांडून आला हे त्याला खरं वाटेना आणि टाकीत स्वतः काठी बुडवून बघितल्यावर खोटंही म्हणता येईना.

पुढच्या आठवड्यात नाजीला पेट्रोल मिळालं. सकाळी नाक्यावर सगळे जमले होते. नाजी गाडीत बसला, इकडेतिकडे बघितलं आणि वाकून उजव्या पायातला बूट काढला. कुणीतरी शिट्टी मारली.

“अरे, आता अनवाणी दोन झाले!”

हशा पिकला. नाजी लाल झाला, पण बूट त्याने सीटखालीच सारला. मिलहम आपल्या गाडीतून उतरला, त्याच्या खिडकीशी आला आणि आत वाकून नीट बघितलं.

“मोजाही काढ,” तो म्हणाला.