बॅटरीची खाच

आमच्या यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. हे दवाखान्यातून परतण्यापूर्वी न्हाणीघराच्या भिंतीला आधाराची दांडी बसणे आवश्यक होते. मिस्त्री रोज ‘उद्या येतो’ म्हणत होते. निवृत्तीनंतर मी ड्रिल चालवायला शिकले होते, तेही उसन्या ड्रिलवर. म्हटले, आता आपलेच घ्यावे.

पळसदरीच्या आमच्या आळीत एकाची शिडी, दुसऱ्याची पहार, अशीच कामे निभतात. शेजारच्या भाऊंकडे बॅटरीवरचा ग्राइंडर होता. ते म्हणाले, “ताई, बॅटरी आमच्याकडं हाय ना, तुमी त्याच कंपनीची नुसती मशीन घ्या.”

भाऊंची बॅटरी पिशवीत घालून मी कर्जतच्या दुकानात गेले. दुकानदाराने ती पाहिली, न लावताच परत दिली. “कंपनी एकच, व्होल्ट तेच. बसणार, मॅडम.” लावून दाखवा, असे म्हणायचे माझ्या मनात होते, पण मागे गिऱ्हाईक खोळंबले होते आणि मला संकोच वाटला.

नवे ड्रिल घेऊन घरी आले, तर त्यात बॅटरी अर्ध्यावरच अडकली. तोच रंग, तेच नाव. फक्त आतली खाच बोटभर सरकवलेली. ही चूक नव्हे. कोणीतरी टेबलाशी बसून, विचारपूर्वक ही खाच हलवली असणार, आणि घरातली चांगली बॅटरी निरुपयोगी ठरवली असणार. इतका संताप मला क्वचितच आला असेल.

मी तशीच परत गेले. दुकानदार म्हणाला, “ही नवीन सिरीज आहे. बॅटरी-चार्जर वेगळा घ्यावा लागेल. साहेबांना पाठवा, समजावतो त्यांना.”

“साहेब उद्या घरी येताहेत, कुबड्यांवर. समजवायचे ते मला समजवा.” मी काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले आणि उठले नाही.

थोड्या वेळाने त्याने माळ्यावरून एक धुळकट खोका काढला. जुन्या सिरीजचे ड्रिल. भाऊंची बॅटरी टक् करून बसली.

“हे तुमच्याकडे होते?”

“जुना माल आहे, मॅडम. कोणी मागत नाही.”

“मी हेच मागत होते.”

त्याने ड्रिल बदलून दिले.

टाइल तडकू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावून, हलक्या हाताने मी भोके पाडली आणि दांडी पक्की केली. दुसऱ्या दिवशी यांनी ती धरली. माझी सगळी कैफियत ऐकून हे हसले. “झाले ना काम? आता राग सोड.”

“तुम्ही दांडी सोडू नका,” मी म्हणाले. “माझ्या रागाचे मी बघते.”