कोपराचं नाव

प्रीतमले जन्मापासून ऐकू येत नाही. कामठीत त्याच्या घराले लागूनच पॉवरलूम आहे, सारी गल्ली वरडून बोलते. हा आरामात झोपते.

दहावीपर्यंत तो नागपूरले मूकबधिरांच्या शाळेत होता, हॉस्टेलवर. तिथं त्याचं हाताचं नाव होतं, भुवईवर दोन बोटं. लहानपणी पडून भुवई फाटली होती, त्याच्यावरून. पोरं ग्राउंडच्या त्या टोकावरून तशीच हातानं हाक मारत अन् हा इकडून पयत जाये. दहावी झाली अन् सारे पांगले. जिगरी दोस्त साहिल मौद्याले मामाच्या दुकानात बसला. प्रीतमले आयटीआयत फिटर ट्रेड भेटला. घरी पेढे वाटले.

वर्गात सारे ऐकणारे. पहिल्या आठवड्यात यानं दोघातिघाईले भुवईवर बोटं ठेवून नाव सांगितलं. त्याईले वाटलं, याचं डोकं दुखून राहिलं. एकानं गोळी आणून देली. मग प्रीतमनं सांगणं सोडलं. लोखंडावर कानस घासायची, डबा एकट्यानं खायचा, बस पकडायची.

दिवाळीनंतर बोर्डावर यादी लागली. हजेरी कमी, परीक्षेले बसता येणार नाही. पहिलं नाव प्रीतमचं. अन् पोट्टा तापातही गेला होता.

त्याची माय पंचफुला कामाची सुटी काढून आली. फिटरच्या मुकुंद सरांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं.

"बाई, मी रोज नाव पुकारतो. तुमचा पोरगा हजर म्हणत नाही."

"तो हजर म्हणंन कसा, सर?"

सर मान खाली घालून नावं वाचत. बाजूच्या कोणी सांगितलं त्या दिवशी हा हजर, नाहीतर गैरहजर. शाळेत बाई तोंड पाहून हजेरी घेत. इथं हजेरी होते, हेच प्रीतमले कोणी सांगितलं नव्हतं.

मायच्या बाजूले उभ्या प्रीतमनं रजिस्टरमधल्या लाल खुणा पाहिल्या. मग बॅगेतून वर्कशॉपमधल्या कामाची, जॉबची डायरी काढली अन् रजिस्टरच्या बाजूले ठेवली. रोजचा जॉब, रोजची तारीख, खाली सरांची सही. अठरा तारखेले गैरहजर, अठरा तारखेलेच सही.

सरांनी डायरीची पानं चाळली. मग एकेक लाल खूण खोडत बसले. उठताना वर्गात प्रीतमच्या बाजूले बसणाऱ्या जितेंद्रले बोलावून म्हणाले, "याचं नाव आलं का हलवत जा गा याले."

आता जितेंद्र रोज सकाळी कोपर मारते, प्रीतम हात वर करते. जितेंद्र मोबाइलमधून मानही काढत नाही. दिवसभरात त्याले कोणी हाक मारते, ते तेवढीच.

परीक्षेले तो बसला. रविवारी साहिलले व्हिडिओ कॉल लावला. पहिले साहिल लगेच उचले, आता दुकानात गिऱ्हाईक राहते. प्रीतमले त्याले इथलं नवीन नाव दाखवायचं होतं, कोपरानं धक्का. सांगून दोघंही हसले असते.

कॉल उचलला नाही. स्क्रीन काळी झाली, तिच्यात त्याचंच तोंड दिसे. त्यानं त्या तोंडाले भुवईवर दोन बोटं ठेवून दाखवली.