पुतळाची रिम

शिरवण्याच्या पुतळाचा आवाज खाडीच्या अर्ध्यापर्यंत पोचायचा, असं गावात म्हणत. त्यात चेष्टा होती, पण खोटं नव्हतं. मिठागरावर वाढलेली बाई, या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची तर आवाज हवाच.

पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, एकेक मिठागर बंद पडू लागलं. नवरा किसन कारखान्यात लागला आणि पुतळानं मासळीची पाटी डोक्यावर घेतली. अडचण एकच होती. गिऱ्हाईक सगळं ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे. चालत तिथे पोचेपर्यंत ऊन चढायचं आणि मासळीचा वास पुतळाच्या आधी पोचायचा.

एका कारखान्याचं कॅन्टीन वैजयंतीबाई चालवायच्या. त्यांनी तिला स्पष्टच सांगितलं, "पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी कालवण चढायच्या आत ताजी मासळी आणून दाखव. आणलीस तर रोजचं काम तुझं. नाही तर ठाण्याचा माणूस तयारच आहे."

त्याच संध्याकाळी पुतळानं घरात जाहीर केलं, "मी सायकल चालवनार."

किसन ठसका लागेपर्यंत हसला. सासू केशरबाई मात्र हसली नाही. "त्यात काय? आपलं लुगरं तर पयलंच खोचलेलं हाय," ती म्हणाली आणि पडवीतल्या सायकलीवरचं जाळं ओढून बाजूला केलं. सायकल सासऱ्याची. म्हातारा गेल्यापासून ती भिंतीला टेकून उभी. सांगाडा दणकट होता, पण खाऱ्या वाऱ्यानं रिमा खाऊन टाकल्या होत्या.

नाक्यावर धर्मराजचं सायकलीचं दुकान होतं. परभणीकडचा माणूस, हसतमुख. त्यानं दोन रिमा समोर ठेवल्या. एक अशी चकचकीत की किसननं तिच्यात बघून भांग नीट केला. दुसरी जाड पत्र्याची, जड, दिसायला जरा निस्तेजच. दूधवाले नेत ती.

"हीच घेऊ," किसन चकचकीत रिम उचलत म्हणाला. "चार लोक बघतील तरी."

"लोकांना दाखवाला नाय, मासळी नेवाला हाय," पुतळा म्हणाली. मग तिनं धर्मराजला विचारलं, "दोन्हींचा मोडका तुकडा हाय का तुज्याकं?"

"वहिनी, मोडक्याचं काय लोणचं घालता का?" धर्मराज म्हणाला, पण मागच्या भंगारातून त्यानं दोन तुकडे काढून दिले.

लोणच्याची गोष्ट फारशी चुकीची नव्हती. मिठागरावर नवं फावडं आणलं की ते आधी मिठाच्या राशीत पुरून ठेवायची रीत होती. मिठानं राखलं तर कामाला घ्यायचं. गावच्या शेवटच्या चालू मिठागरात पुतळानं ते तुकडे ओल्या राशीत खुपसले आणि आठवडाभर कुणाला हात लावू दिला नाही. काढले तेव्हा चकचकीत रिमेचा मुलामा कांद्याच्या सालीसारखा सुटत होता. जाड रिमेवर नुसते डाग होते. ते तिनं पदरानं पुसले, तुकडा किसनच्या हातात दिला आणि धर्मराजकडून जाड रिमा बसवून घेतल्या.

सायकल ती बंद पडलेल्या मिठागरात शिकली. जमीन सपाट आणि पडलं तर हसायला फक्त बगळे.

रविवारी केशरबाईला राहवेना. सून उद्या नव्या रिमा घेऊन खाऱ्या वाऱ्यात जाणार. जन्मभर तिनं घरच्या होडीला मोरी माशाचं तेल चोळलं होतं, म्हणून लाकूड टिकलं. तेच उरलेलं तेल तिनं दोन्ही रिमांना आतून-बाहेरून मायेनं चोळलं. ब्रेकचं रबर रिमेवरच घासतं, हे तिला कुठून ठाऊक असणार? होडीला ब्रेक नसतो.

सोमवारी पुतळा निघाली. मागे पाटी घट्ट बांधलेली, त्यात कोलंबी आणि चिखलातली जिवंत निवटी. खाणीजवळच्या उतारावर तिनं ब्रेक दाबला. सायकल थांबेचना. पुन्हा दाबला, तर सायकलीला आणखीच जोर चढला. समोरून ट्रक येत होता. पुतळानं हँडल वळवलं, दगडधोंड्यांवरून पाटीच्या सगळ्या वजनासकट आदळत गेली आणि खडीच्या ढिगात जाऊन रुतली.

कोपर सोलवटलं होतं. पाटी शाबूत होती. तिनं पहिल्यांदा मागचं चाक उचलून फिरवलं. एवढे दणके खाऊनही ते सरळ फिरलं, जरासुद्धा डुगडुगलं नाही. मग तिला रिमेवरच्या तेलाचा वास आला, आणि हे कुणाचं काम तेही कळलं. सासूला चार शिव्या देऊन झाल्यावर तिचं तिलाच हसू फुटलं.

ऊन मात्र थांबणार नव्हतं. पाटीत राखेचं पुडकं होतं. निवटी बुळबुळीत, राख लावल्याशिवाय हातात ठरत नाही, म्हणून ते बरोबर असायचंच. पुतळानं मुठीनं राख घेतली, निवटीला चोळतात तशी रिमांना चोळली, फडक्यानं पुसली, पुन्हा चोळली. ब्रेक दाबला. कच्चकन धरला.

कॅन्टीनच्या दारात तिनं आरोळी दिली तेव्हा वैजयंतीबाई कांदा चिरत होत्या. पातेलं अजून चुलीवर चढलं नव्हतं. त्यांनी कोलंबी उचलून नाकाशी नेली, मग निवटीकडे पाहिलं. ती अजून वळवळत होती.

"उद्यापासून रोज ये," त्या म्हणाल्या.

पुतळा घरी आली तेव्हा केशरबाई उंबऱ्यात वाट बघत होती. "तेलानं बरी चालली ना गो?"

"चालली तं काय, थांबतच नव्हती," पुतळा म्हणाली आणि सगळं सांगितलं.

म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. सायकलीच्या दांडीवर हात फिरवत ती म्हणाली, "ह्याच्यावर मी कदी बसलेच नाय. त्यांना लाज वाटं, बायकोला मागं घेवाला."

पुतळानं पाटी सोडून खाली ठेवली, कॅरियरवर गोणपाट घातलं आणि सासूला बसवलं. मग खड्ड्याखड्ड्यांच्या त्या गल्लीतून, घराघरांतून माणसं बाहेर येत असताना, तिनं केशरबाईला सगळं शिरवणं फिरवून आणलं. म्हातारी अंगानं चांगलीच भारी होती. रिम वाकली नाही.