चावी

रत्नागिरीच्या बाजारात कुलपं दुरुस्त करणारे चाचा पूर्वी जहाजावर फिटर होते. एरवी बोलतानाही त्यांची कानस थांबत नाही. मी मराठीचा मास्तर, एकदा म्हणालो, "चाचा, चावी शब्द परका. किल्ली म्हणा."

कानस थांबली.

"पोर्तुगीजांची शाव आपल्याकडे येऊन चावी झाली, मास्तर. इटलीवाला कियावे म्हणतो, स्पेनवाला यावे. त्याचा पानाही यावे, नि नळही यावे. सगळ्यांचं मूळ लॅटिन. बंदराबंदरावर विचारून घेतलंय मी. इतकी वर्षं आपल्या कमरेला आहे, मग परकी कशी?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वर्गात नेलं. "हे आपल्या बाजारातले," मुलांना ताठ मानेनं सांगितलं, आणि चाचा फळ्यावर लिहू लागले तसा मागच्या बाकावर बसून शब्द उतरवून घेतले.