लोणच्याच्या बरणीत पडलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अण्णा जिवंत होता तेव्हा त्याला नाही, आणि देवापुढं हात जोडतानाही नाही. तिथं तर मी गप्पच उभा राहतो — बोलायला लागलो तर हेच आधी तोंडातनं बाहेर पडेल, ही भीती. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या घरातले नाही म्हणून. आणि तुम्ही मनात म्हणत असाल की हा माणूस एवढी प्रस्तावना लावतोय म्हणजे काहीतरी लपवतोय — तर तुमचा संशय बरोबर आहे. मी तुमच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवून बघणारा माणूस मी. शाळेत दोन पोरांची उत्तरं सारखी आली की दोघांनाही बाकावर उभं करणारा. दुसऱ्यावर संशय घ्यायची मला ही खोड कधी लागली, ते पुढं कळेलच तुम्हाला.

तेव्हा मी बेळगावात नवा नवा मास्तर झालो होतो. लग्न व्हायचं होतं. घरात आई, थोरला भाऊ अण्णा — तो कचेरीत कारकून — आणि वहिनी. एवढीच माणसं. कँपातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या बटलरला गाठून मी एक बॉक्स कॅमेरा मिळवला. झालं! त्या काळ्या डब्यानं मला खुळं केलं. सुट्टी पडली की गळ्यात डबा अडकवून निघायचं. सर्व्हिस मोटरनं संकेश्वर, निपाणी, कधी खानापूरच्या रानात चालत. तंबाखू वाळत घातलेली अंगणं, बाजारातल्या बायका, उसाच्या गाड्या, पुलावर वाकून पाणी बघणारी पोरं — दिसेल त्याच्यावर डबा रोखायचा.

आणि संगती वहिनीची शिदोरी. वहिनी निपाणीची. तिच्या हाताला काय चव होती म्हणून सांगू! दुधातल्या दशम्या, कारळ्याची चटणी, लसणाचा खर्डा, कोरडी भरली वांगी, आणि वर केळीच्या पानात बांधलेला दहीभात. मोटर नादुरुस्त होऊन वाटेत थांबली की माणसं ड्रायव्हरला शिव्या द्यायची, मी मात्र झाडाखाली बसून पान सोडायचो. खरं सांगतो, कधी कधी मोटर थांबावी असं वाटायचं.

फोटो धुऊन आले की पहिल्यांदा बघायची तीच. आईला त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत काही रस नव्हता. अण्णा नुसतं हूं म्हणायचा. वहिनी मात्र हात पदराला पुसून, कागद कडेला धरून बघायची आणि चेष्टा करायची. “ह्या म्हशीचा फोटो लई झ्याक आलाय बगा भावजी. लग्नाला पोरगी बघाय जाताना तुमचा म्हून ह्योच दावूया.” लग्न होऊन सहा-सात वर्षं झाली होती तिच्या, मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. आईचं बघणंच पुरेसं असायचं.

आता कोठीकडं येतो. यावंच लागणार.

फिल्म धुवायला अंधार लागतो, आणि आमच्या घरात दिवसाढवळ्या अंधार एकाच ठिकाणी — स्वयंपाकघरामागच्या कोठीत. तिथं धान्याचे डबे, पापड-सांडगे आणि लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या. लोणचं म्हणजे आईचा प्राण. ते सोवळ्यात घालायचं, सोवळ्यात ढवळायचं. बाहेरची झालेल्या, विटाळशी बाईची त्यावर सावलीसुद्धा पडायची नाही. पडली तर लोणचं नासतं, हे आमच्याकडं सूर्य उगवतो तितकं पक्कं. अशा जागी मी माझी ती वास मारणारी औषधं घेऊन जायचो. दोनदा आईनं आरडाओरडा केला. तिसऱ्यांदा अण्णा म्हणाला, “आता कोठीत दिसलास तर डबा उचलून विहिरीत टाकीन.” अण्णा कमी बोलायचा, पण बोलला की करायचा.

आणि पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर गोकाकचा धबधबा बघायला जायचं ठरलेलं. भरल्या पाण्याचा फोटो घ्यायचा म्हणून मी उतावीळ झालो होतो. डबा विहिरीत गेला असता तर?

तरी गेलोच कोठीत. दुपारी बायका पडल्या होत्या, अण्णा कचेरीत. संकेश्वरच्या बाजारातला रोल धुवायचा राहिला होता, आणि धीर निघेना — ज्यानं स्वतः फोटो धुतलाय त्यालाच हे कळेल. दाराच्या फटीतनं उजेड येत होता. फटीत कोंबायला काही सापडेना, म्हणून नव्या लोणच्याच्या बरणीवर बांधलेला दादरा सोडला. लोणचं मुरेपर्यंत तोंडावर नुसतं फडकंच बांधायची पद्धत. ते फटीत खुपसलं, लाल कागदाचा दिवा लावला आणि कामाला लागलो. अंधारात कोपर लागून पाण्याची थाळी कलंडली. बरणीत पाणी पडल्याचा आवाज मी ऐकला. ऐकला — हे नीट ध्यानात घ्या. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. थाळी पुसली, हात पुसले, सगळं त्या दादऱ्यालाच, आणि तसाच ओला दादरा परत बरणीला बांधून बाहेर आलो.

त्याच आठवड्यात घरात कुजबूज सुरू झाली होती. वहिनीचे दिवस वर गेले होते. ती बाजूला बसली नव्हती. आई देवाला रोज फुलं वाढवायला लागली, अण्णा संध्याकाळी लवकर घरी यायला लागला. वहिनी चुलीपुढं बसून एकटीच हसायची.

त्या दुपारनंतर रात्रीच्या जेवणाला ती मला भाकरी वाढायला वाकली आणि एकदम मागं सरली. पदर नाकाला लावून म्हणाली, “भावजी, हाताला कसला वास येतोय ओ तुमच्या?”

मी हात मागं घेतला. हिला कळलं? कोठीच्या दारातनं बघितलं असेल? नाहीतर अण्णापुढंच नेमकं असं का विचारील? मी हात तीनदा साबणानं धुतले होते, अण्णाला वास आला नव्हता, आईला नाही — हिलाच कसा आला? त्या दिवसापासनं मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. ती आईशी हळू बोलली की वाटायचं, माझंच. हसली की वाटायचं, मला हसतेय. कुठल्याही क्षणी ही सांगणार, माझा डबा जाणार. जिनं मला शिदोऱ्या बांधून दिल्या, तिचा मी मनातनं दुस्वास करायला लागलो. आहे की नाही कमाल?

मग आईनं बरणी ढवळायला घेतली. दादरा सोडला तर वर पांढरी बुरशी, आंबूस वास. नासलेलं लोणचं म्हणजे घरावर संकट, आणि संकट म्हणजे कुणाचातरी हात लागलेला. आईनं मान वळवून वहिनीकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं — दिवस वर गेलेच नाहीत, ही बाहेरची होऊन लपवतेय, नातवाची आशा लावून आपल्याला फसवतेय, आणि त्याच अंगानं कोठीत शिरली.

“लपीवलीस व्हय गं?” आई म्हणाली.

वहिनी नाही म्हणाली. लोणचं घातल्यापासनं मी कोठीत पायच ठेवला नाही, म्हणाली. देवाची शपथ घेतली. अण्णा दारात उभा. त्याला आपल्या बायकोवर विश्वास ठेवायचा होता, तोंडावर दिसत होतं ते. तो म्हणाला, “मग कोण गेलतं कोठीत?” आणि वहिनीनं माझ्याकडं बघितलं.

आता ही सांगणार, असं मला वाटलं. म्हणून मीच आधी बोललो.

“मी बघितलं वहिनीला. दुपारी कोठीतनं बाहेर येताना.”

एवढंच. आवाजही चढवला नाही. मास्तरचा शब्द — आणि वहिनीशी माझं किती गूळपीठ, हे सगळ्यांना माहीत. मी तिच्याविरुद्ध खोटं बोलेन, असा संशय कुणाला येणार?

वहिनी माझ्याकडं बघतच राहिली. मी वाट बघत होतो की आता ती वासाचं काढील, कॅमेऱ्याचं काढील. तिनं काहीच काढलं नाही. तिला काही माहीतच नव्हतं! ती माझ्याकडं बघत होती ती मी तिच्या बाजूनं बोलेन म्हणून. मग ती अण्णाला म्हणाली, “भावजी म्हंत्यात तर गेले आसंन मी. ध्यानात न्हाई माज्या. भावजी कशाला खोटं बोलतील?”

तिला परसातल्या खोपटात बसवलं. आईनं घर धुऊन काढलं, बरणी उकिरड्यावर रिती केली. अण्णा तिच्याशी बोलेना. आणि आठ-दहा दिवसांनी ती खरंच बाहेरची झाली. लई त्रास झाला तिला, खोपटात कण्हत पडली होती. आई म्हणाली, बघा, होतं का काही? सगळं नाटक. त्यानंतर वहिनीला मूल झालंच नाही.

मी गोकाकला गेलो. फोटो उत्तम आला. अजून भिंतीवर आहे, येणारे-जाणारे नावाजतात.

पुढं माझं लग्न झालं. बायकोला दिवस गेले, आणि एके दिवशी मी फोटो धुऊन आलो तसं तिनं नाकाला पदर लावला. दुरूनच म्हणाली, तो वास घेऊन जवळ येऊ नका, मळमळतंय. बाकी कुणालाही वास येत नव्हता. त्या क्षणी मला कळलं की वहिनीला तेव्हा खरंच दिवस गेले होते, म्हणूनच एकट्या तिला तो वास आला होता. खोपटात कण्हत पडली होती, तेव्हा तिचं काय जात होतं, तेही कळलं. तेव्हा तरी सांगायचं की नाही? अण्णा होता, आई होती. नाही सांगितलं. कॅमेरा तेवढा ट्रंकेत टाकला. त्यालाही मी प्रायश्चित्त म्हणत नाही, लढाईमुळं रोलच मिळेनात.

आई गेली, अण्णा गेला. वहिनी आमच्याजवळच असते. आता तिला बाजूला बसायचं वय राहिलेलं नाही, तरी लोणचं घालायच्या दिवशी ती उंबऱ्याच्या आत येत नाही. बाहेर पाटावर बसून माझ्या बायकोला सांगते, मीठ किती, मोहरी किती. यंदा माझ्या थोरल्या मुलीनं तिला विचारलं, काकू, तू आत का येत नाहीस गं? मी शेजारीच विड्याचं पान लावत बसलो होतो.

वहिनी हसली. म्हणाली, “माज्याकडनं एकदा चूक झालीया बाळ. माजं मला कळलंबी न्हाई. तुज्या बाबानं डोळ्यानं बघितलंतं म्हून बरं, न्हाईतर मी न्हाईच म्हनत बसले आसते.”

पोरीनं माझ्याकडं वळून बघितलं. “व्हय बाबा?”

“व्हय,” मी म्हणालो.