कोमट पाण्याचा बाप्तिस्मा

आमच्या घराण्याने धर्मासाठी देशत्याग केला. वाक्य भारदस्त आहे आणि खोटंही नाही. फक्त हा देशत्याग नंदुरबार स्टेशनावरून सकाळच्या पॅसेंजरने सुरू झाला आणि भाकरीचं फडकं सोडायच्या वेळेला सुरतेजवळ उधन्याला संपलाही. बरोबर एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, बाबांचं बायबल आणि चौदा वर्षांची मी. निरोप द्यायला कोणी जायचं नाही, असं गावच्या ख्रिस्ती मंडळीत ठरलं होतं. तरी बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा, प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला दुसऱ्याच कोणाला सोडायला आल्यासारखे उभे होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला, आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून त्याच हाताने डोकं खाजवलं.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे आमच्यामागून सुरतेला आलात, त्या तुम्हांला हे सगळं ठाऊक आहे. पण आता आपली मुलं गुजरातीत विचारतात, आणि तुम्ही त्यांना "काहीतरी पाण्यावरून झालं होतं" एवढंच सांगता. म्हणून लिहिते.

आमच्या गावची मंडळी लहान. प्रार्थनेला बसली की एका ओसरीत मावायची. बाप्तिस्मा नदीत, डोक्यावरून पाणी जाईपर्यंत, आणि मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे ज्येष्ठ पंचांच्या, हातून. त्या वडिलांत मोठेबाबा मुख्य होते. आई हिंदू घरातून आलेली. दर रविवारी प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी हजर, पण बाप्तिस्म्याचा विषय निघाला की म्हणायची, "औंदा नको, पाणी गार शे." अशी कितीतरी वर्षं ते पाणी गारच राहिलं. मग एका श्रावणात ती तापाने अंथरुणाला खिळली. नदी दुथडी भरलेली, आणि हिला उठून बसवत नव्हतं. त्या दिवशी तिने स्वतःहून मागितलं. बाबांनी तांब्याभर पाणी चुलीवर कोमट केलं आणि तिच्या कपाळावर तीनदा शिंपडलं. ती हसली. म्हणाली, "आसं राहतं तं कवयच लिधं आस्तं." असं असतं तर केव्हाच घेतलं असतं.

दोन दिवसांनी ती गेली.

मंडळीची बैठक बसली. नदी नाही, बुडवणं नाही, वडिलांचा हात नाही. तेव्हा हा बाप्तिस्मा नव्हेच. पाणी कोमट होतं याचाही एकाने गंभीरपणे उल्लेख केला. कब्रस्तानात फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना जागा, पण दया म्हणून आईला कुंपणाच्या कडेला पुरू दिलं. बाबा म्हणाले, दया नको. ती मंडळीतली होती असं म्हणा. मंडळी म्हणाली, तुम्हीच चुकलो म्हणा. तोवर प्रभुभोजनातून त्यांना उठवलं. मग दळणाच्या गिरणीत कोणी बोलेना, आणि शेवटी आम्ही गाडीत बसलो.

सुरतेला डिंडोलीत आमच्या ओळीतली सगळीच घरं आपल्याकडची. बाबा सांच्यावर लागले. मागाला इथे सांचा म्हणतात, आणि त्यांच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, त्याचा आवाज इतका, की बाबा घरीही ओरडून प्रार्थना करायला लागले. शेजारच्या तारामावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "का वो भाऊ, गाव का सोडलं?" बाकीच्यांची उत्तरं सरळ होती: काम नाही, पाऊस नाही. बाबांनी मान ताठ करून सगळी हकिकत सांगितली. मावशींनी ती नीट ऐकून घेतली.

"म्हनजे पान्यावरूनच ना? आमचंबी पान्यावरूनच झालं. पन आमची निदान विहीर व्हती."

पुढे मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायला लागले आणि वाचनाची सवय जडली. एका जाड पुस्तकात मला आमचे नातलग सापडले. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या राजाने आपल्या प्रॉटेस्टंट प्रजेला फर्मावलं, की धर्म सोडा. देश सोडायलाही बंदी होती. तरी रेशीम विणणारे कितीतरी जण लपतछपत लंडनला पोचले आणि तिथे त्यांनी माग मांडले. मागे राहिलेल्यांनी वरकरणी 'चुकलो' म्हटलं आणि घरात दारं लावून जुनी प्रार्थना चालू ठेवली. त्याच्याही आधी स्वित्झर्लंडच्या एका शहरात खुद्द प्रॉटेस्टंटांनीच दुसऱ्या प्रॉटेस्टंटांना बाप्तिस्म्याच्या वादावरून नदीत बुडवून मारलं होतं. हे मी बाबांना वाचून दाखवलं.

"मग आपली मंडळी फारच सुधारलेली म्हणायची," ते म्हणाले.

एका रविवारी मी त्यांना कतारगामच्या बाजूचे इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांचे मकबरे दाखवायला नेलं. तेही प्रॉटेस्टंटच, त्याच शतकातले. पण ते धर्मासाठी नव्हे, कापडासाठी आलेले. इंग्रजाने घुमट बांधला म्हणून डचाने त्याहून मोठा बांधला. मेल्यावरही चढाओढ सुटली नाही. बाबांनी सगळ्यात मोठ्या घुमटाला एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्याची बायको कुठे आहे?"

पाटीवर बायकोचा उल्लेख नव्हता.

"मग एवढा दगड कशाला?" ते म्हणाले, आणि चालू लागले. त्यांना आईशेजारी झोपायचं होतं. बाकी त्यांनी आयुष्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला तेव्हा आमची ओळ रिकामी झाली. तारामावशींनी बाबांना दटावलं, "भाऊ, धर्म मंग करजात. पोरीले गाडीत बसाडा." आम्ही गेलो. गावाने सुरतेहून आलेल्या सगळ्यांनाच नदीपलीकडे अडवलं आणि एका शेतातल्या खोपीत ठेवलं. पाटलाचा मुलगाही त्यात होता. वाळीत टाकलेल्या बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच वाळीत सोबत मिळाली. संध्याकाळी मोठेबाबा नाकाला रुमाल बांधून आले आणि भाकरी बांधावर ठेवून लांब उभे राहिले.

"मनोहर, तिना शेजारनी जागा मी राखेल शे," ते म्हणाले. "मंडळीसमोर एकच शबद बोल, मी चुकनू. मंग कायमना घर ये."

"मी चुकनू म्हनसू, तं मंग ती कोन व्हती?"

"तिले आते काय फरक पडस?"

"माले पडस," बाबा म्हणाले.

मोठेबाबांनी रुमालानेच डोळे पुसले, आणि तो पुन्हा नाकाला बांधायचं विसरून गेले.

त्यानंतर चार पावसाळे गेले आणि छातीच्या दुखण्याने बाबा वारले. किराणावाल्याच्या फोनवरून मी गावी कळवलं. मोठेबाबा जीप करून एकटेच आले. भावाच्या पायाशी बसून राहिले. मग मला बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, मी याले गावले ली जास. मंडळीले सांगसू, शेवटले तो 'मी चुकनू' म्हने. तू फक्त गप राह्य."

धर्मशास्त्राच्या सगळ्या इतिहासात इतक्या प्रेमाने कोणी खोटं बोलायला निघालं असेल, असं मला वाटत नाही. आणि मला तर ना शिंपडण्याचं काही वाटत होतं, ना बुडवण्याचं. बाप्तिस्म्यावाचून माझं काही अडलेलं नाही. मी गप्प राहिले असते, तर बाबा जिथे त्यांना हवं होतं तिथे असते. आणि मंडळीच्या लेखी आई कायमची कोणीच नसती.

मी म्हटलं, "मोठेबाबा, ते असं म्हणाले नव्हते."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाबांना आम्ही इथेच, शहराच्या कब्रस्तानात माती दिली. डिंडोलीची सगळी ओळ आली होती. प्रार्थनेतलं एकही अक्षर ठाऊक नसलेल्या तारामावशी सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हणाल्या. मोठेबाबा रिकामी जीप घेऊन परत गेले.

आता घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी डिंडोली सांगते. रेशनकार्डावरही तेच आहे. पण डोळ्यांपुढे येते ती कुंपणाच्या कडेची, आईच्या उजवीकडची, माणूसभर मोकळी जमीन. मोठेबाबा वारले त्याआधी आपल्याला तिच्या डावीकडे ठेवा म्हणून सांगून गेले. उजवीकडची जागा अजून कोणाला दिलेली नाही. तिथे गवत वाढतं आणि दिवाळीआधी कोणीतरी ते कापतं.

बाप्तिस्म्याचं म्हणाल, तर गावच्या मंडळीत आता दोन्ही पद्धती चालतात. पावसाळ्यात बुडवतात. उन्हाळ्यात नदीला पाणी नसतं, तेव्हा शिंपडतात.